सीव्ही जॉइंटचं ग्रीस: आधी सांधा ओळखा, मग डबा उघडा

सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंट म्हणजे एक्सलवरचा, म्हणजे चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्यावरचा, वाकूनही एकसारखा फिरणारा सांधा. त्यातलं ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण म्हणजे बूट. पावसाळा सरला की ऑक्टोबरात ओळखीतल्या चार-पाच जणांच्या गाड्यांचे बूट उघडून बघणं हे माझं ठरलेलं काम असतं. थार, जुनी जिप्सी, एखादी व्ही-क्रॉस, अशा चारही चाकांना जोर मिळणाऱ्या फोर बाय फोर गाड्या. जून ते सप्टेंबर या गाड्या कर्जतकडचे ओढे आणि माळशेजच्या बाजूचा चिखल तुडवून येतात, आणि घरी परतताना मुंबईतल्या तुंबलेल्या रस्त्यांतूनही जातात. बूट सोडवल्यावर आत काळं, तुकतुकीत ग्रीस दिसायला हवं. बऱ्याचदा दिसतं ते राखाडी-तपकिरी, दुधाळ कालवण. मग लगेच प्रश्न येतो, “कुठलं ग्रीस भरू?” एका कंपनीचं नाव सांगून याचं उत्तर देता येत नाही. गाडीत कोणत्या जातीचा सांधा आहे आणि त्यात आधी काय भरलेलं होतं, यावर सगळं ठरतं.

सांधा कोणता आहे?

थार, स्कॉर्पिओ फोर बाय फोर, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं खालीवर होतं. तिथे प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. चाकाकडचा बाहेरचा आणि डिफरन्शियलकडचा, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याकडचा, आतला. दोघांची कामं वेगळी, म्हणून ग्रीसही वेगळं असू शकतं.

बाहेरचा जॉइंट बहुतेक वेळा रझेप्पा पद्धतीचा असतो. अल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२०च्या दशकात त्याची रचना केली, आणि १९५९ साली आलेल्या मिनी मोटारीमुळे ती छोट्या गाड्यांत सर्वदूर पोचली. बाहेर एक वाटी, आत खाचा असलेलं कडं, म्हणजे रेस, मधे पिंजरा आणि पिंजऱ्याच्या खिडक्यांत सहा छर्रे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर हा जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वाकूनही चाक एकसारख्या वेगाने फिरवतो. मात्र वाकलेल्या अवस्थेत छर्रे खाचेत नुसते गडगडत नाहीत, ते घसरतातही. दगडावर चाक अडलंय, लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) लावलाय, स्टिअरिंग कडेला आहे आणि आपण ॲक्सिलरेटर देतोय, अशा वेळी छर्रा आणि खाच यांच्या बारीकशा ठिपक्यावर प्रचंड दाब येतो. तिथली तेलाची फिल्म चिरडली जाते. त्या क्षणी धातू धातूला लागू न देणारं काहीतरी ग्रीसमध्ये हवं. ते काम मॉलिब्डेनम डायसल्फाइड करतं, ज्याला गॅरेजात सगळे मॉली म्हणतात. त्याचे सूक्ष्म थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात आणि पृष्ठभागाला चिकटून राहतात.

आतला जॉइंट बहुधा ट्रायपॉड असतो. तीन पायांवर तीन रोलर आणि प्रत्येक रोलरच्या आत सुईसारखी बेअरिंग. हा फार वाकत नाही, साधारण २५ अंशांच्या आतच राहतो. पण सस्पेन्शन खालीवर झालं की एक्सलची लांबी बदलते, आणि त्यासाठी हा जॉइंट आतबाहेर सरकतो. त्याला सुयांच्या फटींत सहज शिरणारं आणि सरकताना अडकू न देणारं ग्रीस लागतं. म्हणून बरेच उत्पादक ट्रायपॉडसाठी पॉलियुरिया जाडकाचं, कमी घर्षणाचं ग्रीस देतात. जाडक म्हणजे ग्रीसमधल्या तेलाला धरून ठेवणारा पदार्थ. काही जण दोन्हीकडे मॉलीच देतात. बूट बदलायच्या किटमध्ये दोन वेगवेगळ्या पुड्या आल्या तर त्यामागे कारण असतं. त्यांची अदलाबदल करू नका.

जिप्सी आणि जिम्नीची गोष्ट निराळी. त्यांचा पुढचा एक्सल सरळसोट नळीचा, आणि चाकाजवळचा सीव्ही जॉइंट पोलादी गोळ्याच्या आत, नकलमध्ये बंद असतो. बाहेर रबरी बूट नसतो, मागच्या बाजूने पुसणारं सील असतं. त्या सीलमधून चिखल शिरतो, आणि आतलं एक्सल सील गेलं तर डिफरन्शियलचं तेलही ग्रीसमध्ये उतरतं. नकलच्या खालून पातळ, काळपट रस गळताना दिसला की वरून ग्रीस ढकलून काही साधत नाही. सील बदलल्याशिवाय ते पुन्हा पातळ होणार.

डब्यावर काय वाचायचं

ऑपेरा हाउसच्या पार्ट्सच्या दुकानात मी एकदा विचारलं, “शेठ, सीव्हीसाठी मॉलीवालं आहे का?” काउंटरमागून उत्तर आलं, “भाऊ, ग्रीस म्हणजे ग्रीस. हे घ्या, सगळ्याला चालतं.” आणि समोर आला एपी-३ चा डबा. ते ग्रीस वाईट नाही. व्हील बेअरिंगसाठी वर्षानुवर्षं वापरलं जातंय. पण ते साधं लिथियम ग्रीस आहे आणि नावातला ३ हा त्याच्या घट्टपणाचा आकडा आहे. सीव्ही जॉइंटला ते जास्त घट्ट पडतं आणि त्यात मॉली नसते.

घट्टपणाचा हा आकडा एनएलजीआय या अमेरिकी संस्थेच्या मापाचा. ग्रीसमध्ये एक ठरावीक वजनाचा शंकू २५ अंश सेल्सियसला किती खोल रुततो, यावरून तो ठरतो. २ नंबरच्या ग्रीसमध्ये शंकू २६५ ते २९५ दशांश मिलिमीटर रुततो, १ नंबरमध्ये ३१० ते ३४०, आणि ३ नंबरमध्ये २२० ते २५०. सीव्ही जॉइंटसाठी १ किंवा २ पाहिजे. मुंबईच्या हवेत बाहेरच्या जॉइंटला मी २ नंबर पसंत करतो. ट्रायपॉडला किटमध्ये १ नंबरचं आलं असेल तर तेच घालावं.

दुसरी गोष्ट जाडक. तो बहुधा साबणाच्या जातीचा असतो. साध्या लिथियमचं ग्रीस साधारण १८०-१९० अंशांना वितळून ठिबकू लागतं. लिथियम कॉम्प्लेक्स बहुधा २५० अंशांच्या पुढे टिकतं. जुन्या पद्धतीचं कॅल्शियमचं, म्हणजे कप ग्रीस पाण्यासमोर चांगलं टिकतं, पण शंभर अंशांच्या आतच ते ढासळतं. तेव्हा सीव्ही जॉइंटमध्ये ते नको. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स हे नवं प्रकरण खाऱ्या पाण्यासमोर आणि गंजासमोर फार भक्कम आहे. अलिबाग-मुरुडकडे वरचेवर जाणाऱ्यांना त्याचा मोह होतो. डब्यावर सीव्ही जॉइंटचा स्पष्ट उल्लेख आणि मॉली असेल तरच ते घ्यावं. नुसतं ‘मरीन’ लिहिलेलं बोटीच्या ट्रेलरच्या बेअरिंगसाठी ठीक.

मॉलीचं प्रमाण ३ ते ५ टक्के असेल तर बाहेरच्या जॉइंटला योग्य. ग्रीस काळं आहे म्हणजे त्यात मॉली आहेच, असं मात्र धरू नका. काळा रंग ग्रॅफाइटचाही असतो आणि नुसत्या रंगद्रव्याचाही.

जर्मन पद्धतीची खूण डब्यावर असेल तर ती वाचायला शिकून घ्या, काम सोपं होतं. रोमन अक्षरांत ‘केपीएफ२के-२०’ असं लिहिलेलं असतं. पहिला ‘के’ बेअरिंगसारख्या कामासाठीचं ग्रीस सांगतो, ‘पी’ म्हणजे जास्त दाब सोसणारी रसायनं आहेत, ‘एफ’ म्हणजे मॉलीसारखा घन वंगण पदार्थ आहे, २ हा घट्टपणा. पुढचा ‘के’ वरची मर्यादा १२० अंश असल्याचं सांगतो, तिथे ‘एन’ असेल तर १४०. शेवटचा आकडा थंडीची मर्यादा, उणे २० अंश, ज्याच्याशी आपला संबंध नाही. बाहेरच्या जॉइंटचं ग्रीस घेताना माझी नजर आधी त्या ‘एफ’ वर जाते.

बुटाचं रबरही विचारात घ्या. निओप्रीन किंवा थर्मोप्लास्टिकचे बूट सीव्हीच्या ग्रीससोबत नीट राहतात. भलतं ग्रीस घातलं तर रबर फुगतं, मऊ पडतं आणि क्लिपमधून निसटतं. आणि सुटं, बिनसीलचं ग्रीस कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. सील आणि बॅच नंबर बघूनच डबा घ्या.

मिसळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेक जॉइंट मरतात

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात माझ्या गाडीचा आतला बूट बदलला. जुनं ग्रीस बोटाने जमेल तेवढं काढलं आणि वरून मॉलीचं लिथियम ग्रीस भरलं. डबा चांगल्या प्रतीचा होता, हातही स्वच्छ होते. चार महिन्यांत क्लिपच्या कडेने काळं तेल ओघळायला लागलं. उघडल्यावर आत ग्रीस नव्हतंच, पातळ तेल आणि तळाला गोळा झालेला चोथा होता. रोलरवर रेघा पडल्या होत्या. मूळ ग्रीस पॉलियुरियाचं होतं. पॉलियुरिया आणि लिथियम एकमेकांत मिसळले की बहुतेक वेळा जाडकाची वीण सुटते आणि धरलेलं तेल मोकळं होतं. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स एकमेकांना सहसा चालतात. मातीच्या जाडकाचं, बेन्टोन म्हणतात ते, कुणाशीच धड जमवून घेत नाही.

म्हणून एकच नियम पाळा. आत काय आहे हे खात्रीने ठाऊक नसेल तर जॉइंट पूर्ण धुवा. ‘थोडं टॉप-अप’ हा प्रकार सीव्ही जॉइंटला नाही.

उघडण्याआधी

आवाज ऐका. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. कटकट आली तर बाहेरचा जॉइंट, आणि डावीकडे वळताना आली तर बहुधा उजव्या बाजूचा. सरळ जाताना ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथर जाणवली तर आतला. कटकट सुरू झालेल्या जॉइंटमध्ये खाचांना खड्डे पडलेले असतात. नव्या ग्रीसने आवाज काही दिवस दबतो, झीज मात्र तशीच राहते. अशा जॉइंटवर ग्रीस खर्च करण्यापेक्षा नवा जॉइंट बघावा.

मुंबईत काम कुठे करायचं हाही प्रश्नच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँड लावणार असाल तर खाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर एखादा ब्लॉक खचून स्टँड कलतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, कधीच नाही. एक्सलचा मधला नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करा, तो फार घट्ट असतो. नट काढल्यावर, एक्सल हबमधून, म्हणजे चाकाच्या मध्यातून, बाहेर असताना गाडी चाकांवर टेकवू किंवा ढकलू नका. हब बेअरिंग दुभंगतं.

एक्सल ओढताना दांड्याला धरून खेचू नका. आतला ट्रायपॉड वाटीतून सुटतो आणि रोलर बुटात पडतात. आतल्या जॉइंटची वाटी धरून, डिफरन्शियलजवळ पहार लावून हळूच उचकटा. तेल थोडं सांडेल, खाली परात ठेवा.

धुणं

बूट कापून काढा. जुनं ग्रीस दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली तर वाळू किंवा माती शिरलेली आहे. कोकणातल्या जांभ्याची लाल माती ग्रीसला विटकरी छटा देते, घाटावरची काळी माती मॉलीत लपून जाते, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. चमकदार कण दिसले तर तो धातू आहे.

जॉइंट दांड्यावरून काढण्याआधी रेस, पिंजरा आणि वाटी यांवर रंगाच्या पेनाने एका रेषेत खुणा करा. काढताना लाकडी ठोकळा किंवा पितळेची दांडी रेसवर ठेवून ठोका, पिंजऱ्यावर नाही. मग रेस तिरकी करत एकेक छर्रा काढा आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. ज्या खाचेतला छर्रा त्याच खाचेत परत गेला पाहिजे.

पहिली धुलाई डिझेल किंवा रॉकेलमध्ये, ब्रशने. ते गढूळ झालं की बाजूला काढून दुसऱ्या स्वच्छ डिझेलमध्ये. शेवटी ब्रेक क्लीनर मारून डिझेलचा तवंग उडवा, कारण राहिलेलं डिझेल नव्या ग्रीसला पातळ करतं. पेट्रोल वापरू नका. बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ एका ठिणगीवर पेट घेते.

धुतलेलं पोलाद मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उघडं ठेवलं तर काही तासांत त्यावर गंजाची तांबूस सावली येते. शनिवारी धुऊन रविवारी भरू, असं करू नका. धुतलंत त्याच दिवशी भरा. अगदीच थांबावं लागलं तर जे ग्रीस भरणार आहात त्याचाच पातळ हात मारून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

आता उजेडात प्रत्येक खाच बघा आणि नखाने चाचपा. नख अडकेल असा खड्डा, निळसर पडलेला भाग किंवा पिंजऱ्याच्या खिडकीची सैल झालेली कड दिसली तर जॉइंट निकामी. खाचेत नुसती गुळगुळीत चमक असेल तर ठीक.

भरणं

किती भरायचं ते किटच्या पुडीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, नाहीतर गाडीच्या मॅन्युअलमध्ये. छोट्या गाड्यांच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम, मोठ्या फोर बाय फोरला त्याहून जास्त. डब्यातून घेणार असाल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. ग्रीस जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, वजन करा आणि कोपरा कापून मेंदीच्या कोनासारखा वापरा. हात स्वच्छ राहतात आणि मापही चुकत नाही.

बाहेरचा जॉइंट जोडून झाला की दात्यांचं भोक, म्हणजे दांडा बसतो ते, वर येईल असा धरा. कोनाचं टोक त्या भोकात घट्ट बसवा आणि दाबा. ग्रीस आधी तळाशी जाईल, मग छर्ऱ्यांच्या बाजूंनी वर येईल. सगळ्या सहा खिडक्यांतून ते बाहेर डोकावेपर्यंत दाबत राहा. एखाद्या बाजूने येत नसेल तर तिथे हवा अडकली आहे. जॉइंट त्या दिशेला वाकवा, चारी बाजूंनी फिरवा, पुन्हा दाबा. वरवर थापलेलं ग्रीस छर्ऱ्यांपर्यंत पोचेल या आशेवर राहू नका. बूट बसल्यावर ते बुटाच्या घड्यांत फेकलं जातं आणि तळ कोरडा राहतो. एकूण मापातलं दोन तृतीयांश जॉइंटमध्ये, उरलेलं बुटात.

मापापेक्षा जास्त भरू नका. जास्तीचं ग्रीस तापून फुगतं, बूट फुगवतं आणि क्लिप ढिली करतं.

ट्रायपॉडला आधी रोलर फिरवत फिरवत सुयांत ग्रीस मुरवा, मग वाटीच्या तळाशी घाला. रोलर पायावरून उपसू नका, सुया सांडल्या तर जमवताना जीव जातो. नकलवाल्या जिप्सीत जॉइंट हाताने पूर्ण भरून घ्या आणि गोळ्यातली जागा साधारण पाऊण भरा, वरची पोकळी ग्रीसला फुगायला सोडा.

बूट आणि क्लिपा

क्रम चुकला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. आधी छोटी क्लिप दांड्यावर सरकवा, मग बूट, मग मोठी क्लिप, आणि शेवटी जॉइंट. दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे बुटाची कड फाटत नाही. सर्क्लिप, म्हणजे जॉइंटला दांड्यावर अडकवून ठेवणारी कडी, नवीनच घ्या. जॉइंट ठोकून बसवल्यावर एकदा ओढून बघा, सर्क्लिप खाचेत बसल्याची खात्री होते.

बुटाची जागा आणि दांडा कोरडे पुसा. तिथे ग्रीस राहिलं तर बूट सरकतो. छोटं तोंड बसवण्याआधी बोथट स्क्रू ड्रायव्हरने कड जराशी उचलून आतली हवा सोडा. बूट आत चिमटलेला किंवा फुगलेला नको. आतल्या जॉइंटला ही हवा सोडण्याची वेळ महत्त्वाची आहे. जॉइंट आतबाहेरच्या मधोमध असताना, मॅन्युअलमधली लांबी जुळवून क्लिप आवळा. कानाची क्लिप चिमट्याने पूर्ण दाबा. केबल टायने ते काम होत नाही.

चिकटवायचे दुभंगलेले बूट मिळतात, एक्सल न काढता बसतात. शहरात चालवणाऱ्याला एकवेळ चालेल. चिखलात आणि पाण्यात जाणाऱ्या गाडीला मी ते कधीच लावणार नाही. रानात बूट फाटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वरून केबल टाय मारा आणि हळू घरी या. मग पूर्ण धुवून नवा बूट.

लिफ्ट किट लावून उंच केलेल्या गाडीत दोन्ही जॉइंट सरळ रस्त्यावरही वाकलेले राहतात, बुटाच्या घड्या एकमेकांवर घासतात. अशा गाडीचे बूट दर महिन्याला खाली वाकून बघायला हवेत.

पाण्यातून आल्यावर

तापलेला जॉइंट थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सैल क्लिपमधून पाणी ओढून घेते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. मुंबईत मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर तुंबणाऱ्या पाण्यात गटाराबरोबर खाडीचं खारं पाणीही असतं. त्यातून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून गाडी धुवा, पण प्रेशर वॉशरचा झोत बुटाच्या क्लिपवर थेट मारू नका.

नवं ग्रीस भरल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा खाली बघा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे आहेत का, क्लिपच्या कडेला ओल आहे का, बूट पिळलेला आहे का. काढलेलं जुनं ग्रीस आणि मळकं डिझेल गटारात ओतू नका, आपली गटारं सरळ समुद्रात जातात. डब्यात बंद करून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि कोणत्या जॉइंटमध्ये कोणत्या जाडकाचं ग्रीस, किती ग्रॅम, कोणत्या तारखेला भरलं, हे कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी बूट उघडणारा दुसरा कुणी असू शकतो.